जावांचा बसायचा दिवस

"तुमच्या दोघींचं भांडण झालं, की घर कोणाच्या मनासारखं होतं?"

प्रश्न सभागृहात असा दणक्यात पडला, की पहिल्या रांगेत डुलक्या घेणारे चित्रकलेचे सर खाडकन जागे झाले. शेवटच्या रांगेतल्या तीन मुली एकाच क्षणी बाकाखाली वाकून पेन शोधायला लागल्या. तिघींचं पेन एकदम पडलं म्हणे! वास्तविक पैज त्यांचीच होती. "विचारून दाखव, तर तू खरी," असं कानाशी कुजबुजून त्यांनीच तिला उभं केलं होतं. आणि आता ही एकटीच उभी.

पण ती बसली नाही. गेल्या वर्षीची गोष्ट असती तर ती उठलीच नसती. तेव्हा ती हजेरीसुद्धा कॉलरच्या आत द्यायची. मग क्रीडादिनाला ऐनवेळी माइक बंद पडला, जवळ उभी होती म्हणून हिच्या हातात नावांची यादी कोंबली गेली, आणि हिने जी हाळी दिली, ती मैदान ओलांडून पलीकडच्या सायकलवाल्यापर्यंत पोचली. त्या दिवसापासून सगळी शाळा तिला 'भोंगा' म्हणते. तिलाही ते आवडतं. मुकी म्हणून घेण्यापेक्षा भोंगा केव्हाही बरा.

आपल्या धंद्याबद्दल सांगायला शाळेने बोलावलेल्या, व्यासपीठावर बसलेल्या दोघी सख्ख्या जावा. चौकातल्या औषधांच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. लोकांची राहती घरं आतून नव्याने बेतायची, हा त्यांचा धंदा. थोरली चित्र काढते आणि बोलते, धाकटी मोजते आणि टोकते. दोन जावा एका स्वयंपाकघरात टिकत नाहीत, या एका टेबलावर कशा टिकणार, महिनाभरात टेप एकीच्या हातात आणि पट्टी दुसरीच्या डोक्यात, असं सगळ्या गल्लीने भाकीत केलं होतं. त्याला आता नऊ वर्षं झाली.

"हिच्या," थोरली म्हणाली.

"हिच्या," धाकटी म्हणाली.

दोघी एकाच वेळी, एकमेकींकडे बोट दाखवून. सभागृह हसून कोसळलं.

"अगं, आमचं भांडण असतं एका इंचाचं," धाकटीने खुलासा केला. "मग तो इंच ज्याच्या घरातला, त्याच्या कोपराला विचारतो. लागतंय का बाबा तुला? लागलं तर ही हरली."

"आणि नाही लागलं तर ही हरली," थोरली म्हणाली. "पण ते ती सांगणार नाही."

पैज जिंकून झाली होती. शहाण्या मुलीने इथे खाली बसावं. पण भोंगा एकदा वाजायला लागला की मध्येच थांबत नाही. "मग आमच्या घरी कधी येता?" तिने विचारून टाकलं.

याला कारण होतं. या दोघींची कामं तिने चोरून बघितली होती, एक-दोन नाही, चांगली अकरा घरं. "आमची वाटी इकडे आली का, आईने विचारलंय," असं म्हणून ती कुठेही शिरायची. तिच्या घरातली एकही वाटी कधी कुठे गेलेली नव्हती. शिंपीकाकांकडे इस्त्रीचं टेबल भिंतीत मिटतं आणि मिटलं की त्याची खालची बाजू आरसा होते. मग गिऱ्हाईक त्यातच नवा सदरा बघतं. गुडघेदुखीच्या मावशींच्या बोळात भिंतीला लाकडी नक्षीची पट्टी आहे. बघणाऱ्याला वाटावं शोभेची. ती नेमकी मावशींच्या तळहाताच्या उंचीवर आहे, आणि आधाराला धरलीय हे मावशींना कोणाला सांगावं लागत नाही. जुळ्यांच्या खोलीत मधोमध कपाट, निम्मे कप्पे इकडून उघडतात, निम्मे तिकडून. त्या घरातली मारामारी तेव्हापासून निम्म्यावर आली. उरलेली निम्मी कपाटाच्या डोक्यावर कोण चढणार यावरून होते, पण तिथे देवही काही करू शकणार नाही.

हे सगळं बघून भोंगा वेडी झाली होती. आणि तिला एकच गोष्ट हवी होती: स्वतःची खोली. दार असलेली. आत्ता ती आजोबांच्या खोलीत झोपायची. आजोबा झोपेत घोरायचे आणि जागेपणी रेडिओ लावायचे, म्हणजे शांतता अशी नाहीच. स्वयंपाकघराला लागून सामानाची एक खोली होती. तिच्यात एक मोडका पंखा, तीन सुटकेसा आणि "कधीतरी लागेल" या एका वाक्यावर जगणारी बाकीची अडगळ. ती खोली आपली करायची, बस्स.

घरी येऊन तिने जाहीर केलं, "आई, मी आपल्या घराचं काम दिलंय."

"कोणाला दिलंस?" आईच्या हातातली पळी थांबली.

"जावांना."

आई-बाबा चार वर्षं "घराचं काहीतरी करायला हवं" असं म्हणत होते. जेवताना म्हणायचे आणि हात धुतला की विसरायचे. त्यामुळे बाबा थोडा वेळ रागावण्याचा प्रयत्न करून म्हणाला, "बरं झालं, कोणीतरी दिलं."

आता या जावांची एक पद्धत होती. काम हातात घेण्याआधी त्या एक अख्खा रविवार त्या घरात नुसत्या बसून राहायच्या. दोन घडीच्या खुर्च्या, मांडीवर घराचा नकाशा, आणि माणशी एका रंगाची पेन्सिल. कोण कुठून कुठे गेलं त्याची रेघ, कोण कुठे टेकलं तिथे टिंब. "माणूस घरात कुठे राहतो, हे त्यालाच ठाऊक नसतं," थोरली सांगायची. अट एकच: त्या दिवशी रोजच्यासारखं वागायचं.

आणि नेमकं तेवढंच या घराला जमलं नाही.

दोष आईचा नव्हता, बाबाचा नव्हता. सगळा कारभार भोंग्याचा. आपल्याला खोलीची गरज आहे हे दिसलं पाहिजे ना? मग तिने शनिवारीच वेळापत्रक लिहून फ्रिजवर चिकटवलं. बाबा: खिडकीशी बसून वाचन. आजोबा: बाल्कनीत व्यायाम. आई: स्वयंपाकघरात एकाग्र चित्ताने काम. मी: अभ्यास, अभ्यास, अभ्यास.

"व्यायाम?" आजोबा म्हणाले. "माझ्या लग्नात वाकलो होतो, त्यानंतर नाही."

"आजोबा, माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी म्हणून हात हलवीन. पाय मागू नकोस."

रविवार उजाडला. घर असं चकचकीत, की बाबाने स्वतःची चप्पल ओळखली नाही. बाबा जाडजूड पुस्तक घेऊन खिडकीशी बसला आणि तीन तास अकराव्या पानावर राहिला. आजोबांनी बाल्कनीत हात असे फिरवले, की समोरच्या इमारतीतल्या बाईंनी "काय हो, मदत हवीय का?" म्हणून ओरडून विचारलं. भोंगा सामानाच्या खोलीत, तीन सुटकेसांच्या मध्ये, भूमितीचं पुस्तक उघडून पुतळ्यासारखी बसली. दुपारी चौघं टेबलाभोवती समोरासमोर जेवायला बसली. एरवी या घरात जेवण म्हणजे जत्रा, इथे कुणाला काय बोलावं सुचेना. "मीठ दे," बाबा म्हणाला. थोड्या वेळाने आईने मीठ मागितलं. मग आजोबांनीही मागितलं, त्यांना मीठ वर्ज्य असताना.

जावांनी दिवसभर पेन्सिली फिरवल्या आणि संध्याकाळी खुर्च्या मिटून गेल्या.

पंधरा दिवसांनी नकाशा आला. सुरेख! थोरलीचा हातच तसा, की कागदावरच्या खिडकीतून वारा येईल असं वाटावं. खिडकीशी बाबासाठी वाचायची बैठक, डोक्यापर्यंत पुस्तकांचे कप्पे. बाल्कनीतली आजोबांची आरामखुर्ची काढून तिथे व्यायामाची दांडी. स्वयंपाकघर एकटीने निवांत काम करावं असं आटोपशीर, त्याला दार, ओट्याच्या टोकाला छतापर्यंत कपाट. आणि सामानाच्या जागी एक खोली. भिंतीकडे तोंड केलेलं टेबल, जाड दार. सोमवारी गवंडी येणार होता. शुक्रवार होता.

"छान आहे," बाबा म्हणाला. ज्या स्वरात दवाखान्यात "बरं आहे" म्हणतात, त्या स्वरात.

"छानच आहे," आई म्हणाली. "दार पण दिलंय."

"मला लटकवणार आहेत," आजोबा म्हणाले. "बाकी छान."

भोंग्याने मात्र आपली खोली बोटाने चारदा चाचपली. मिळाली! ती काहीतरी जोरदार बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात तिचं लक्ष स्वतःकडे गेलं. ती ओट्याच्या टोकावर बसली होती, पाय हलवत. शाळेतून आली की रोज इथेच बसून ती आईला अख्खा दिवस ऐकवायची. बाबा दाराच्या चौकटीला पाठ लावून चहा पीत उभा होता. चौकटीवर त्याच्या पाठीचा डाग आहे, आई दर महिन्याला पुसते. आजोबा उलट्या ठेवलेल्या पाण्याच्या बादलीवर. आणि आईला या तिघांना ओलांडल्याशिवाय डबा काढता येत नव्हता, म्हणून ती "सरका, सरका हो" म्हणत होती आणि कोणीही सरकत नव्हतं.

एका माणसाचं स्वयंपाकघर कसं छान आहे, यावर चार माणसं त्याच स्वयंपाकघरात उभी राहून बोलत होती.

भोंग्याने खोलीवरचं बोट काढून घेतलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती औषधांच्या दुकानाचा जिना चढली. वरून आवाज येत होता. कुणाच्या तरी मूठभर बाथरूमवरून जावा हातघाईवर आल्या होत्या.

"बाई, आम्ही नाटक केलं," ती दारातच म्हणाली. वाटलं होतं हळू बोलू, पण आवाज सवयीने मोठाच निघाला. खालून दुकानदाराने विचारलं, "काय झालं हो वर?"

तिने सगळं सांगितलं, वेळापत्रकासकट. थोरलीने हातातली पेन्सिल खाली ठेवली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मग धाकटी टेबलावर टेप आपटून म्हणाली, "मी म्हटलं होतं! तीन तासांत एक पान उलटलं नाही त्या माणसाने!"

"मला वाटलं, विचारी आहे," थोरली पुटपुटली.

"विचारी! माझा नवरा जेवल्यावर असाच विचारी होतो, तुझा दीरच आहे तो, ठाऊक नाही तुला?"

"बरं बाई, हरले." थोरलीने भोंग्याकडे पाहिलं. "पोरी, पंधरा दिवस मी त्या घरावर जीव टाकला. जे नाहीच, अशा माणसांचं घर काढलं मी. राग आलाय मला, सांगून ठेवते."

"सॉरी," भोंगा म्हणाली. हे मात्र खरंच हळू निघालं.

मग थोरलीने कोरा कागद ओढला. "हं. आता खरं बोल. कोण कुठे?"

भोंगा सांगत गेली, थोरली काढत गेली. बादली, चौकट, ओट्याचं टोक. चारही रंगांच्या रेघा एकाच जागी जाऊन अशा गुंतल्या, जसा लोकरीचा गुंडा मांजराने विस्कटावा. धाकटीने त्या गुंड्यावर टेप ठेवला आणि मान हलवली.

"चौघं यात मावत नाहीत. एकच उपाय आहे. ही पलीकडची भिंत अर्ध्या विटेची आहे, भार नाही तिच्यावर. ती पाडली तर झकास जागा होईल. मधे मोठा ओटा, भोवती बसायला."

भोंग्याने बघितलं. भिंतीपलीकडे सामानाची खोली होती.

"दोन्ही नाही का होणार?"

"एक इंच असता तर भांडले असते मी तुझ्यासाठी," धाकटी म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती. "इथे अख्खी खोली आहे. घर तुझ्या आई-बाबांचं, त्यांनी ठरवायचं. पण त्यांना हे सांगायचं की नाही, ते तू ठरव. नाही सांगितलंस तर सोमवारी पहिल्या नकाशाप्रमाणे काम सुरू होईल. दार जाड आहे, मी स्वतः निवडलंय."

घरापर्यंतचा रस्ता सात मिनिटांचा. भोंग्याने त्याला पाऊण तास लावला. दार असलेल्या खोलीत काय काय करायचं, याची तिची यादीच होती. भिंतीवर काय लावायचं, मैत्रिणींना कसं बोलवायचं, आणि दार आतून लावून घेतल्यावर... इथे यादी अडकायची. दार लावून घेतल्यावर बोलायचं कुणाशी? आपला आवाज एवढा, आणि ऐकायला भूमिती? तरी दार ते दार. तिने एका कुंपणाच्या गजांवरून पट्टी खडखडवत दोनदा मागेपुढे फेऱ्या मारल्या. आतला कुत्रा कंटाळून भुंकायचा थांबला.

घरी सगळे जिथे असायचे तिथेच होते. आई कणीक मळत होती, बाबा चौकटीला, आजोबा बादलीवर.

"कुठे होतीस गं?" आई म्हणाली. "आणि उभी का? बस ना."

भोंगा बसली नाही. तिने दप्तर खाली ठेवलं, जावांचा कागद ओट्यावर पसरला, चारही कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि क्रीडादिनाला घेतला होता तसा श्वास घेतला.

"आई, बाबा, ऐका. मध्ये बोलू नका, नाहीतर मी बदलेन. मला खोली नको. ही भिंत पाडायची आणि सगळ्यांना बसायला जागा करायची. मी ठरवलंय. तुम्ही फक्त हो म्हणा. आणि सोमवारी गवंडीकाका आले, की पहिला घण मी घालणार!"