पोपटवाला कितव्या सिनेमातला

भिवा भोसरीच्या एका वर्कशॉपात लेथवर होता. महिन्यातल्या एका रविवारी तो बसनं पुण्याच्या लष्कर भागात जायचा आणि इंग्रजी गुप्तहेराचा सिनेमा बघून यायचा. त्या गुप्तहेराचे सिनेमे एकामागून एक निघत होते, जुनेही फिरून फिरून लागत. भिवाला इंग्रजी ओ की ठो कळत नसे, पण घरी आल्यावर बायकोला, सोजरला, तो अख्खा सिनेमा करून दाखवी. लाटण्याचं पिस्तूल, पाटाची मोटार. तव्यावर भाकरी करपायची, तरी सोजरची नजर हलत नसे. तिनं त्यातला एकही पाहिला नव्हता, पण सगळे तिला पाठ होते.

मग वर्कशॉपात विलास लागला. मॅट्रिक झालेला, थोडं इंग्रजी समजणारा आणि त्याच गुप्तहेराचा वेडा. दोघं जोडीनं जाऊ लागले. पाहिलेलेच पुन्हा पाहायचे आणि जुना नट बरा की नवा यावर टपरीवर तासन्‌तास भांडायचे. भिवा घरी यायचा तो सगळं बोलून संपवूनच.

"काय झालं सिनेमात?" सोजर विचारी.

"त्येच गं. मागं सांगितल्यालं."

सोजरचा जळफळाट व्हायचा. दुसरी बाई असती तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. या मिशाळ विलासचं काय करावं? तो घरी आला की ती चहात साखर मुद्दाम कमी टाकी. तो मेला "फक्कड झालाय, वहिनी" म्हणून बशी संपवायचा.

एका संध्याकाळी दोघं घरात वाद घालत बसले होते. पोपट पाळणारा बदमाश दुसऱ्या सिनेमातला, असं विलासचं म्हणणं. भिवा म्हणे तिसऱ्यातला. सोजर पीठ मळत होती. तिला राहवलं नाही.

"पयल्यातला हाय त्यो. धरणावरनं पडून मेला. दुसऱ्यातला लंगडा व्हता."

विलासनं आठवून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बरोबर! वहिनी, तुम्ही कधी पाहिलात?"

"मला कोन नेतंय?"

पुढच्या रविवारी तिघं गेले. थेटरात सोजर हट्टानं दोघांच्या मधे बसली, म्हणजे कुजबुज नको. परतताना बसमध्ये विलासनं विचारलं, "मग, नवा नट कसा वाटला?"

"लई हसतो. मानूस मारताना कोन हसतं? जुनाच बरा."

"मी हेच ह्याला वर्षभर सांगतोय! पण जुना तुम्ही कुठं पाहिलात?"

"ह्यांनी करून दाखवलाय की."

मग भोसरी येईपर्यंत दोघं बोलतच राहिली. भिवाला नवा आवडायचा. तो खिडकीबाहेर बघत बसला. घरी आल्यावर अर्धी भाकरी खाऊन उठला आणि म्हणाला, "त्येचं बरं पटतं तुला."

आपण वर्षभर जे सोसलं ते सोजरला त्याच्या तोंडावर दिसलं. तिला बरं वाटलं. जळू दे जरा, असं मनात म्हणत तिनं ताट उचललं.

पुढच्या महिन्यात नवा सिनेमा लागला. भिवा म्हणाला, "चल, आपुन दोघंच जाऊ. विलासला ओव्हरटाइम हाय."

विलास सकाळीच कोपऱ्यावर रिकामा बसलेला सोजरनं पाहिला होता. ती लुगडं बदलायला गेली.