नळीतली गुडगुड

पक्षाघातानंतर हिचं गिळणंच गेलं. काल नाकातली नळी निसटली, तेव्हापासून पोटात दुधाचा थेंब नाही. सकाळी दोघी सिस्टरनी नळी पुन्हा घातली तेव्हा हिचे हात मीच दाबून धरले. हिने माझं मनगट ओरबाडून काढलं. "अगं, लग्नातसुद्धा एवढा घट्ट हात धरला नव्हतास," मी म्हणालो. ती हसली नाही.

मोठ्या सिस्टरनी पिचकारीने नळीत हवा मारली, पोटाला स्टेथोस्कोप लावला. "गुडगुड आली. सोडा दूध."

धाकटीने पिचकारी ओढून पाहिली आणि नळी चिमटीत धरली. "थांबा मॅडम. पोटातलं पाणी ओढून ते आंबट आहे का कागदावर तपासू. पाणीच येत नाहीये."

"तू जन्मलीही नव्हतीस तेव्हापासून हे कान गुडगुड ऐकताहेत."

"कानांचा दोष नाही. नळी फुप्फुसात असली तरी गुडगुड येते. लोकांनी पडताळून पाहिलंय."

"मग एक्स-रे काढ. मशीनवाला संध्याकाळी येणार!"

माझा धीर सुटला. "अहो बाई, तुमची पडताळणी होईस्तोवर माझी म्हातारी उपाशी मरेल. हात जोडतो, सोडा दूध!"

"आजोबा, दूध फुप्फुसात गेलं तर भुकेच्या आधी तेच मारील." तिने चिमटी सोडली नाही. हिला डाव्या कुशीवर वळवलं, थोडं थांबून पुन्हा ओढलं. पिचकारी कोरडी.

"मॅडम, हवा मी मारते. तुम्ही छातीला लावून ऐका."

मोठ्या सिस्टर चिडूनच वाकल्या. छातीवर ऐकलं, पोटावर ऐकलं, पुन्हा छातीवर.

"इथेही तशीच," त्या हळूच म्हणाल्या. स्टुलावर बसल्या. "अगं, आजवर किती जणांना मी..."

मग उठून त्यांनीच नळी ओढून काढली. नाकाशी रक्त आलं, ते धाकटीने पुसलं. दूध भांड्यात गार झालं होतं, वर साय धरली होती.

"आजोबा, पुन्हा घालावी लागेल. हात धरा."

मी हिचे दोन्ही हात धरले. नवी नळी नाकात शिरली, घशापर्यंत गेली. हिने हात ओढले नाहीत. बोटं माझ्या मुठीत तशीच पडून राहिली.

"ओरबाड ना गं," मी म्हणालो.