समोरची नववी ओळ

शुक्रवारी संध्याकाळी आर्डिस क्वामी हिरवं ब्लँकेट आणि बाकावर टाकून बसायच्या दोन उशा घेऊन कॉलेजच्या मैदानावर जागा धरायला गेली. ज्या बाकांवर तीन हजार माणसं मावतात आणि चारशे टाळकी जमतात, तिथं आदल्या दिवशी ब्लँकेट टाकून जागा कसली धरायची, असं परक्या माणसाला वाटेल. वाटू दे! स्टोर्डाल गावात ही रीत आजोबांच्या काळापासूनची होती आणि ती मोडायचं कोणाच्या मनातही येत नव्हतं. सातव्या ओळीत पोस्टमास्तरांचं, दहाव्या ओळीत औषधवाल्या व्हर्जिलचं आणि नवव्या ओळीत, मैदानाच्या बरोब्बर मध्यावर, क्वामींचं ब्लँकेट. मधले सगळे बाक मोकळे.

त्या चारशेच्या आकड्याबद्दलही गावात दोन मतं होती. शनिवारच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याच्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये लाउडस्पीकरवरून उपस्थिती जाहीर झाली की व्हर्जिल दर वेळी मागून म्हणायचा, "यात बँड धरलाय, दोन्ही संघ धरलेत आणि कुंपणापलीकडचं कुत्रंही धरलंय." त्यावर नवव्या ओळीतून आर्डिसचा नवरा ऑर्लिन क्वामी म्हणायचा, "कुत्रं दर शनिवारी येतं, तू तरी येतोस का?" एक्केचाळीस वर्षं हा संवाद चालला. या वर्षी व्हर्जिलच्या वाक्याला उत्तर नव्हतं. एप्रिलमध्ये ऑर्लिनला झटका आला, डावा पाय कामातून गेला, आणि तेव्हापासून तो टेकडीमागच्या वृद्धाश्रमात होता.

आर्डिसनं ब्लँकेट अंथरलं. एक उशी आपली. दुसरी डावीकडे, पायऱ्यांच्या बाजूला, ऑर्लिनची. गुडघा आधीपासूनच दुखरा असल्यामुळे तो कायम पायऱ्यांकडे बसायचा.

"मिसेस क्वामी, तुमच्याकडे एक विनंती होती."

टेस हॅलोरन पायऱ्या चढून येत होती. कॉलेजचा सगळा खेळविभाग या पोरीच्या हाती, वय जेमतेम एकोणतीस, आणि चालणं असं की मागं कोणी लागलंय.

"विनंती म्हटलं की मी आधीच नाही म्हणते," आर्डिस म्हणाली. "बोल."

टेसनं वर बोट दाखवलं. बाकांच्या माथ्यावर समालोचकाची खोली होती आणि तिच्या छतावर कॅमेरा. "सामने आता लोक घरबसल्या बघतात. कॅमेरा तुमच्या डोक्यावर, त्याचं तोंड पलीकडे. त्यामुळे चित्रात फक्त समोरचे बाक येतात."

"मग येऊ देत."

"अहो, समोर कोणी असतं का? पाहुण्या संघाचे वीस-तीस आईबाप, बाकी नुसता पत्रा. आपल्याकडे खेळायला यावं की नाही असा विचार करणारी पोरं ते बघतात आणि मला फोन करून विचारतात, तुमच्या सामन्याला काळं कुत्रं तरी येतं का हो?"

"सांग ना त्यांना, चारशे येतात."

"सांगते. पण दिसत कुठं? म्हणून म्हटलं, उद्यापासून आपल्या माणसांनी समोर बसावं. तुम्ही गेलात तर सगळे जातील."

आर्डिसनं पलीकडे पाहिलं. दुपारभर ऊन थेट डोळ्यांत, आणि मक्याच्या शेतांवरून येणारा वारा सरळ तोंडावर. "पाहुण्यांना आपण तिथं का बसवतो, ठाऊक आहे ना तुला? त्यांना लवकर घरी जावंसं वाटावं म्हणून. तू तुझा कॅमेरा तिकडे ने."

"तिकडे ना छप्पर आहे ना वीज."

"मग राहू दे. ही जागा ऑर्लिनची आहे. तो आला आणि त्याला इथं दुसरंच कोणी बसलेलं दिसलं, तर काय सांगू मी त्याला?"

टेस आल्या पावली पायऱ्या उतरली. ऑर्लिन येणार नाही हे गावात सगळ्यांना माहीत होतं. आर्डिसला ते तोंडावर सांगायची छाती कोणाची नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी टेसनं समोरच्या बाजूला फुकट गरम चॉकलेट ठेवलं. चाळीसेक विद्यार्थी गेले, चॉकलेट प्याले, आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये लाल नाकं घेऊन परत आले. गावातलं एकही माणूस जागचं हललं नाही, कारण आर्डिस हलली नाही. ती मांडी ठोकून बसली होती, शेजारच्या उशीवर हात ठेवून, आणि रेफरीचा उद्धार करत होती. बगळे हरले. आमच्या कॉलेजच्या संघाचं नाव बगळे, आणि बगळ्यांना हरायची चांगली सवय आहे. तरीही आर्डिस जिंकल्यासारखी घरी गेली, ॲपल पायचे दोन तुकडे डब्यात भरले आणि संध्याकाळी वृद्धाश्रमात हजर झाली.

ऑर्लिन खिडकीजवळच्या खुर्चीत होता. समोर टॅबलेट उभा करून ठेवलेला. आर्डिसनं तोंडाचा पट्टा सोडला. टेस काय म्हणाली, आपण काय ऐकवलं, पोरं कशी कुडकुडत परत आली, सगळं साग्रसंगीत. ऑर्लिन ॲपल पाय खात ऐकत होता. चॉकलेटच्या भागाला तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

"आणि रेफरीला 'डोळे घरी ठेवून आलास का' म्हणालीस ते?" त्यानं विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"कॅमेऱ्याला माइक असतो, आर्डिस. तो तुझ्या डोक्यावर आहे. समालोचकापेक्षा जास्त तूच ऐकू येतेस. मागच्या सामन्याला पलीकडच्या खोलीतल्या ग्लॅडिसनं विचारलं, ही बाई कोण? मी म्हटलं, मला नाही माहीत."

"नालायका!"

"बरं, माझी उशी?"

"ठेवते की दर वेळी. ऑक्टोबरात तू आलास की..."

"आर्डिस." त्यानं बशी बाजूला ठेवली. झटक्यानंतर तो बोलायचा हळू, पण शब्द स्पष्ट असायचे. "ऑक्टोबरात मी येत नाही. पुढच्या वर्षीही नाही. त्या पायऱ्या मी आता चढत नसतो. हे मला कळलंय, डॉक्टरला कळलंय, ग्लॅडिसलासुद्धा कळलंय."

आर्डिस डब्याचं झाकण लावत राहिली. झाकण लागेना.

"तीन सामने झाले," ऑर्लिन म्हणाला, "मी समोरचे रिकामे बाक बघतोय. एक्केचाळीस वर्षांत त्या बाजूला कधी नजर टाकली नाही, आणि आता तेवढंच दिसतं. ओळखीचं एक डोकं नाही. तुझा आवाज येतो, आणि तू नसतेस. लई वाईट वाटतं गं. आवाजावर नाही भागत."

"म्हणजे तूसुद्धा त्या पोरीच्या बाजूचा?"

"मी कोणाच्या बाजूचा नाही. जिथं दिसशील तिथं बस म्हणतोय."

त्या रात्री आर्डिस चिडली. टेसवर चिडली, कॅमेऱ्यावर चिडली, आणि सगळ्यात जास्त ऑर्लिनवर. मेल्यानं एवढी मोठी गोष्ट ॲपल पाय खाता खाता सांगितली! मग ती स्वयंपाकघरात बसून पोटभर रडली, आणि रडून झाल्यावर कोठडीतून त्याचं शिकारीचं, लांबूनही नजरेत भरणारं भगवं जाकीट शोधून काढलं.

पुढच्या शुक्रवारी नववी ओळ रिकामी राहिली. गावात कुजबुज झाली. शनिवारी बँड वाजायला लागल्यावर आर्डिस फाटकातून आत आली ती भडक भगवं, गुडघ्यापर्यंत लोंबणारं जाकीट घालून, काखेत ब्लँकेट आणि दोन उशा. पायऱ्यांपाशी ती थांबली, आणि तशीच धावपट्टीवरून मैदानाला वळसा घालून पलीकडे चालू लागली.

"ए आर्डिस!" व्हर्जिल दहाव्या ओळीतून ओरडला. "वाट चुकलीस का?"

"तू तुझं बघ!"

"अगं तिकडे शत्रू बसलेत!"

समोरची नववी ओळ तिनं मोजून काढली, अगदी आपल्या जागेच्या बरोब्बर समोरची. ऊन डोळ्यांत घुसलं. वाऱ्यानं ब्लँकेट दोनदा उडवलं, तिसऱ्यांदा तिनं ते बुडाखाली दाबून धरलं. दुसरी उशी नेहमीसारखी डावीकडे ठेवली. टेस धापा टाकत आली, चेहरा नुसता फुललेला. "मिसेस क्वामी! पोरांसाठी तुम्ही एवढं..."

"तुझी पोरं गेली उडत," आर्डिस म्हणाली. "तो कॅमेरा मला घेतो का, तेवढं सांग."

"चेंडू मध्यावर असला की नववी ओळ मागं बरोबर दिसते."

म्हणून त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा आर्डिसला वाटलं, बगळ्यांनी मध्यावरच रुतून बसावं. आणि बगळे कसले बेरकी! वर्षभर ज्यांना दहा यार्ड सरकता येत नव्हतं, ते त्या दिवशी भराभर पुढं निघाले. खेळ दूरच्या टोकाला गेला की कॅमेऱ्याचं तोंड तिकडे वळायचं आणि आर्डिस तोंडातल्या तोंडात पुटपुटायची, "या की मेल्यांनो, मागं या."

तिसऱ्या क्वार्टरला व्हर्जिल ब्लँकेट काखोटीला मारून आला. मागं पोस्टमास्तर, त्यांची बायको, आणखी पंधरा-वीस जण.

"तुम्ही कशाला आलात?" आर्डिसनं विचारलं.

"तुझ्याशिवाय रेफरीला शिव्या द्यायला मजा येत नाही," व्हर्जिल म्हणाला आणि तिच्या मागच्या ओळीत बसला. "काय भिकार ऊन आहे गं!"

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला.

"उशी चुकीच्या बाजूला ठेवलीस," ऑर्लिन म्हणाला.

"काय?"

"माझी उशी. मी पायऱ्यांकडे बसतो. तिथं पायऱ्या तुझ्या उजवीकडे आहेत."

आर्डिसनं मान वळवली. खरंच की. इतक्या वर्षांच्या सवयीनं तिनं ती डावीकडे टाकली होती, जिथं त्याला यायचं तर अख्खी ओळ ओलांडावी लागली असती. तिनं उशी उचलली आणि उजवीकडे नीट ठेवली. "झालं?"

"थांब. अजून दिसलं नाही. चित्र इथं अर्ध्या मिनिटानं पोचतं."

ती फोन कानाला लावून थांबली. मैदानावर शिट्टी झाली, बगळ्यांच्या पोरानं चेंडू पकडला आणि तो मोकळ्या मैदानातून शेवटच्या रेषेकडे सुसाट सुटला, आणि सगळी माणसं किंचाळत उठली.

"अरे गेला! गेला! टचडा..."

"सांगू नकोस!" ऑर्लिन फोनवर ओरडला. "खबरदार सांगशील तर! मी अजून तुझी उशी बघतोय!"

आर्डिसनं तोंडावर हात दाबला. पोटात हसू मावेना. मागून व्हर्जिलनं विचारलं, काय झालं, आणि तिनं त्याला गप्प बसायची खूण केली. लाउडस्पीकरवर आकडा आला, आजची उपस्थिती चारशे सव्वीस, आणि व्हर्जिल सवयीनं म्हणाला, "यात कुत्रं धरलंय."

"त्याला सांग," फोनमधून आवाज आला, "कुत्रं दर शनिवारी येतं. तू तरी येतोस का?"

आर्डिसनं निरोप पोचवला. व्हर्जिल एप्रिलपासून या उत्तरासाठी थांबला होता. त्यानं टोपी काढून डोळ्यांवर धरली आणि ऊन फार आहे म्हणाला.

ऑर्लिनला टचडाउन दिसला तेव्हा इकडे पुढचा खेळ सुरूही झाला होता. तो खोकला येईपर्यंत ओरडला, मागून ग्लॅडिसही ओरडली. मग चेंडू पुन्हा मध्यावर आला. आर्डिस उठून उभी राहिली. उन्हात डोळे बारीक करून तिनं पलीकडच्या छतावरच्या त्या काळ्या ठिपक्याकडे रोखून पाहिलं, हात हलवला, आणि तशीच उभी राहिली. अर्धं मिनिट फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता.

"ते माझं जाकीट आहे," ऑर्लिन म्हणाला.

"मग?"

"छान दिसतेस." मग लगेच त्याचा आवाज चढला. "आता माझ्याकडं काय बघतेस? खेळाकडं बघ!"

आर्डिस खाली बसली, उजव्या उशीवर हात ठेवला आणि खेळाकडे बघू लागली.