ब्रेक लागले नाहीत

ज्या गाडीने माझ्या बायकोला, मालनला उडवलं, तिचे ब्रेक विकायला निघालेत, हे मला सुशांतने सांगितलं. सुशांत माझा भाचा. कोपरीला राहतो. त्याला गाड्यांचं वेड आहे. त्याच्याकडे एक जुनी गाडी आहे, तिला तो सारखं काही ना काही लावत असतो. यंदा त्याला मोठे ब्रेक हवे होते. नवे परवडत नाहीत म्हणून वापरलेले शोधत होता.

मला गाड्यांतलं काही कळत नाही. मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत डाईंगमध्ये होतो, कापड रंगवायचो. सुशांतने मला समजेल असं सांगितलं. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते. पाय दाबला की कॅलिपर नावाचा तुकडा तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरतो. साध्या गाडीत तो लहान असतो. शौकीन पोरं मोठा बसवतात, लाल रंगाचा, म्हणजे गाडी कितीही जोरात असली तरी जागच्या जागी उभी राहते.

गाड्या सजवणाऱ्यांचा मोबाईलवर ग्रुप असतो. त्यावर फोटो आला होता. सोनेरी चाक, आत लाल कॅलिपर. खाली लिहिलं होतं, परफॉर्मन्स कॅलिपर, कडक कंडिशन, एकदाही धोका नाही, मानपाडा. विकणाऱ्याचं नाव नयन. सुशांत माझ्याबरोबर पोलीस चौकीत आला होता, तेव्हा बाहेर जप्त करून ठेवलेली ती गाडी त्याने पाहिली होती. ते चाक त्याने ओळखलं.

तो आंबिवलीला आमच्या घरी आला आणि फोन माझ्या हातात दिला. "मामा, हे वाच," म्हणाला. "एकदाही धोका नाही लिहिलंय."

हे शब्द आम्हाला का लागले ते सांगतो. नयनने पोलिसांत जबाब दिला होता की ब्रेक लागले नाहीत. पाय दाबला, पण ब्रेक लागले नाहीत. गाडी तपासली तेव्हा ब्रेकच्या नळीत ऑइलच नव्हतं. म्हणजे दोष गाडीचा, पोराचा नाही. त्याला लगेच जामीन झाला आणि गाडीही परत मिळाली, केस संपेपर्यंत जशीच्या तशी ठेवायची या अटीवर. रस्त्यावर चाक घासल्याची एकही खूण नव्हती, हे मी स्वतः जाऊन बघून आलो होतो. मी सगळ्यांना सांगत होतो, ब्रेक लागले नाहीत असं नाही, त्याने लावले नाहीत. लोक म्हणायचे, तानाजीराव, एका अक्षराचा फरक आहे, कोण सिद्ध करणार?

आमच्या वकील ऋजुता मॅडम. त्यांना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, यात गाडीचा नंबर नाही, आणि असता तरी अट मोडली एवढंच ठरेल, ब्रेक अपघातानंतर दुरुस्त करून घेतले असं ते म्हणतील. त्या दिवशी ब्रेक चालू होते, हे त्याच्या तोंडून यायला हवं. गिऱ्हाईक म्हणून जा, फोन खिशात रेकॉर्डिंग लावून ठेवा. मग म्हणाल्या, "आवाज मिळाला की निघून या. तिथे त्याला काही बोलू नका. कोणालाच काही बोलू नका."

नयन मला ओळखेल अशी भीती नव्हती. त्याने मला एकदाच पाहिलं होतं, जामिनाच्या वेळी. तेव्हा मी नुकताच मालनचं सगळं करून आलो होतो. डोक्यावर केस नव्हते, मिशी नव्हती. आता दोन्ही आलं होतं.

रविवारी सकाळी आम्ही गेलो. मानपाड्याला त्यांची जुनी वस्ती आहे. पूर्वी शेती होती, आता त्या शेतांवर बिल्डिंगी आहेत आणि त्यांतल्या काही यांच्याच. बंगल्यासमोर सिमेंटचं अंगण, त्याला लोखंडी गेट, गेटपासून मोठ्या रस्त्यापर्यंत त्यांचीच गल्ली. गाडी अंगणात उभी होती, धुतलेली.

नयन चोवीस-पंचवीसचा असेल. हसरा मुलगा. त्याने मला खुर्ची आणून दिली. मी कल्पना केली होती त्यातलं त्याच्यात काही नव्हतं. ब्रेक का विकतोस, असं सुशांतने विचारलं. तो म्हणाला, याच्याहून मोठे घेतोय, सहा पिस्टनवाले. मग ते दोघं चाकापाशी बसले आणि एकमेकांना समजेल असं बोलू लागले.

तेवढ्यात त्याची आई पाणी घेऊन आली. सगुणाबाई. माझ्याच वयाच्या. पदर खांद्यावर घेतलेला, हातभर हिरव्या बांगड्या. त्या माझ्याशी बोलत उभ्या राहिल्या.

"न्या भाऊ, न्या सगला काढून," त्या म्हणाल्या. "मना ती गाडी दारात बगवत नाय."

मी का म्हणून विचारलं. त्यांनी आवाज खाली केला. गाडीखाली एक बाई गेली म्हणाल्या. पोराची चूक नव्हती, ब्रेक लागले नाहीत, पण जीव गेला तो गेला. तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. म्हणून पितृपक्षात त्यांनी त्या बाईच्या नावाने पान ठेवलं. नाव पोलिसांच्या कागदात होतं. मालनबाई.

"कावला लगेच आला," त्या म्हणाल्या. "पान ठेवला न् आला. ती सुखी हाय, भाऊ. तिचा काय आमच्यावर राग नाय. तवापासना झोप लागते."

मालनच्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता. आम्ही उन्हात बसून राहिलो. मी हात जोडून जे जे कबूल करायचं ते केलं. गुरुजी घड्याळ बघू लागले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि घरी आलो. तो आमच्याकडे आला नाही आणि यांच्या अंगणात लगेच आला. मी पाणी प्यायलो आणि पेला परत दिला.

सुशांतने विचारलं, चालवून बघता येईल का. नयन तयारच होता. गाडीची मागची सीट त्याने काढून टाकली होती, तिथे स्पीकर होते. एकालाच बसता येणार होतं. सुशांत पुढे झाला, पण मी म्हटलं, मी बसतो. सुशांत माझ्याकडे बघत राहिला.

मी त्या गाडीत बसलो. समोरची काच नवी होती. कोपऱ्यात दुकानाचा कागद अजून चिकटलेला होता.

एमआयडीसीच्या मागच्या बाजूला रविवारी रस्ते मोकळे असतात. नयनने तिकडे गाडी घेतली. "काका, पट्टा घट्ट करा," म्हणाला आणि पाय दिला. मी पाठीमागे दाबला गेलो. कंपन्यांच्या भिंती पळू लागल्या. पुढे एक पिंप ठेवलेलं होतं, खड्ड्यापाशी ठेवतात तसं. तो सरळ पिंपावर चालला. मग त्याने ब्रेक लावला. पट्टा माझ्या छातीत रुतला. गाडी उभी राहिली तेव्हा पिंप समोर हातभर होतं.

"बोला काका," तो हसत म्हणाला. "लागले की नाय?"

लागले, मी म्हटलं. छाती दुखत होती. फोन शर्टाच्या वरच्या खिशात होता, तो चालू आहे ना एवढाच विचार मी करत होतो. मग मी ठरवून आलेलं वाक्य बोललो. म्हटलं, आम्ही ऐकलंय की या गाडीचा अपघात झालाय, ब्रेक फेल होऊन. भाच्याच्या जिवाचा प्रश्न आहे. असे ब्रेक कसे घ्यायचे?

त्याचं हसू गेलं. त्याला खरंच वाईट वाटलं. मी त्याच्या मालाला नाव ठेवलं होतं.

"ते कागदावर हाय काका. वकील बोलला तसा लिवला. ब्रेकला काय बोलू नका, ब्रेक एक नंबर."

"मग त्या दिवशी का नाही लागले?"

"लागायला लावायला पायजेत ना," तो म्हणाला.

मला वाटलं आता तो थांबेल. पण गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून तो सगळं सांगत गेला. बाई रस्त्याच्या कडेने चालली होती. त्याला कट मारायचा होता. म्हणजे माणसाच्या अगदी जवळून गाडी काढायची. माणसं उडी मारून मागे होतात, शिव्या घालतात, मजा येते. ही मागे झाली नाही. हिची चप्पल निघाली होती, ती घ्यायला खाली वाकली.

"तू तिला वाकताना बघितलंस?" मी विचारलं.

"बघितला ना."

"मग?"

"मग काय. वाटला उठेल."

नंतर रात्री, पोलीस गाडी न्यायच्या आधी, मित्रांनी चाकाजवळचा स्क्रू सैल करून ऑइल सोडून दिलं, हेही त्याने सांगितलं. तेवढं एक केलं की पेडल सरळ खाली जातं, आणि पुन्हा ऑइल भरलं की ब्रेक होते तसे. त्यात ब्रेकला काही होत नाही, हे त्याने मला दोनदा समजावलं.

मला हवं होतं ते मिळालं. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की लावले नाहीत. मी मॅडमचं ऐकलं असतं तर इथून पुढचं काही लिहावं लागलं नसतं.

आम्ही त्यांच्या गल्लीत वळलो. सगुणाबाई गल्लीत होत्या, पाठमोऱ्या, शेजारच्या बाईशी बोलत. नयनने लांबूनच ब्रेक लावला, हळू, गाडीला धक्काही बसू न देता. हॉर्नसुद्धा वाजवला नाही. आई बाजूला होईपर्यंत थांबून राहिला.

अंगणात उतरलो. सुशांतने माझं तोंड बघितलं आणि त्याला कळलं. तो नयनला म्हणाला, विचार करून फोन करतो. माझ्या कोपराला धरून म्हणाला, "मामा, चल. उशीर होतोय."

सगुणाबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, घेतलात का भाऊ? लाभू दे तुमच्या भाच्याला. ब्रेक गेले दारातनं की ती बाई पण सुटेल.

मालन सुखी आहे, तिचा राग नाही, आणि आता ती सुटेल. हे सगळं सगुणाबाईंनी आपल्या अंगणात बसून ठरवून टाकलं होतं. मला ते चालेना. मुलाला शिक्षा व्हायची तेव्हा होईल, पण हिची झोप आत्ता जायला हवी, असं मला वाटलं. मी म्हटलं, तुम्हाला एक ऐकवायचंय. सुशांतने माझा हात दाबला. मी तो सोडवला, खिशातून फोन काढला आणि आवाज मोठा करून लावला.

त्या ट्रे धरून उभ्या राहिल्या. लागायला लावायला पायजेत ना. कट मारायचा होता. वाटला उठेल. सगळं त्यांनी ऐकलं. चहा सांडला नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. तोंड हळूहळू पांढरं पडलं आणि मला बरं वाटलं. मालन गेल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

"काका, तुमी कोण?" नयनने विचारलं.

"मालनबाईचा नवरा."

त्याने माझ्या हातातून फोन घेतला. ओढलाही नाही, सहज घेतला, मी एवढा त्याच्या आईकडे बघत होतो. फोन त्याने सिमेंटवर ठेवला आणि गाडीत बसला. सुशांत फोनकडे धावला तशी गाडी पुढे आली. त्याला बाजूला व्हावं लागलं. चाक फोनवर चढलं आणि तिथेच थांबलं. इकडे नाही, तिकडे नाही, बरोबर फोनवर. मग त्याने गाडी थोडी मागे घेतली आणि पुन्हा पुढे आणली.

सुशांत शिव्या देत होता. म्हणत होता, मी ऐकलंय, मी सांगीन. नयन गाडीतून उतरला नाही. काच वर करून बसला. सुशांतला मी थांबवलं. भाच्याच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? मी सगुणाबाईंकडे वळलो.

"बाई, तुम्ही ऐकलंत. कोर्टात एवढंच सांगा. जे ऐकलंत तेवढंच."

त्यांनी ट्रे खुर्चीवर ठेवला. कप सरळ केले.

"काय आयकला?" त्या म्हणाल्या. "मी काय आयकला नाय."

"तुम्ही तिचं पान ठेवलंत."

"ते ठेवीन. दरसाल ठेवीन."

एवढं बोलून त्या आम्हाला गेटपर्यंत घेऊन आल्या. पाहुण्यांना सोडायला यावं तशा. सुशांत बाइककडे गेला. मी गेटच्या बाहेर पाऊल टाकलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "भाऊ, पोरा किती तुमाला?"

"नाही झाली," मी म्हटलं.

"मंग तुमाला नाय कलायचा," त्या म्हणाल्या आणि गेट ओढून आतून कडी घातली.