पिठावरची पावलं

मी डूख धरणारी बाई आहे. लोक सांगतात, मन मोठं करावं, झालं गेलं विसरून जावं. ज्यांचं काही गेलेलं नसतं तेच असं सांगतात. माझ्या आईचं नाव गेलं होतं, आणि ते कुणामुळे गेलं हे मला नवव्या वर्षापासून ठाऊक होतं.

आई तेव्हा बाजाराजवळच्या एका मोठ्या हॉटेलात भांडी घासायची आणि भटारखाना धुवायची. तिची एक पद्धत होती. काम आटोपून निघताना ती धान्याच्या कोठीत, दाराशी मूठभर पीठ भुरभुरवायची, अगदी पातळ. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बघायची. पीठ जसंच्या तसं असलं तर झाडून टाकायची. त्यावर पावलं उमटली असली तर ती कुठून आली नि कुठे गेली याचा माग काढून भोक शोधायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. एका सकाळी पिठावर उंदराची पावलं दिसली, मधोमध शेपटीची रेघ. त्या दिवशी आईने पीठ झाडलं नाही. मालकाला प्रत्यक्ष दाखवलं की भोक बुजवून मिळेल, असं तिला वाटलं. तिची चूक झाली ती एवढीच. मालकाच्या पाठोपाठ आरोग्य खात्याचा तपासनीसही आत आला.

मालकाने पिठाकडे पाहिलं, तपासनिसाकडे पाहिलं आणि सगळ्या नोकरांसमोर म्हणाला, "ही बाईच घाणेरडी आहे साहेब. पीठ सांडते, झाडत नाही, मग उंदीर होणार नाहीत तर काय? हिला आजच काढतो. कारवाई झाली असं लिहून टाका." तपासनिसाने लिहून टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

त्या बाजारातल्या एकाही भटारखान्यात आईला पुन्हा कुणी उभं केलं नाही. गल्लीत तिला 'उंदीरवाली' म्हणायला लागले. तिने लोकांचे जिने पुसले, मला शिकवलं, आणि या बावीस वर्षांत कशाची म्हणून इच्छा धरली नाही, एक सोडून. "त्याने एकदा आपल्या तोंडाने म्हणावं," ती म्हणायची, "की भांडी घासणाऱ्या बाईची चूक नव्हती. मग मी मरायला मोकळी." घरी आम्ही त्या मालकाला साखरतोंड्या म्हणायचो, कारण एरवी तो सगळ्यांशी फार गोड बोलायचा.

मी आरोग्य खात्याची परीक्षा दिली ती काही समाजसेवेसाठी नाही. मुलाखतीत विचारलं, या कामात का यावंसं वाटतं? मी म्हणाले, स्वच्छतेची आवड आहे. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. पहिली सहा वर्षं तो बाजार माझ्याकडे आलाच नाही. तिथला तपासनीस गेली कित्येक वर्षं जागचा हलला नव्हता आणि पाहुणचाराने त्याचं पोट टेबलाच्या अर्ध्यावर आलं होतं. तो निवृत्त झाला त्या दिवशी मी साहेबांकडे जाऊन बाजार मागून घेतला. ज्याच्याशी आपलं वैर असेल त्याची तपासणी आपण करायची नसते, तसं आधीच कळवायचं असतं, असा आमच्याकडे नियम आहे. मी कळवलं नाही.

सकाळी अकराला मी तिथे पोचले. साखरतोंड्या आता साठीचा झाला होता, केस काळे केलेले, बोटात दोन अंगठ्या. "या ताई, या, आपलंच आहे," म्हणाला. मला त्याने ओळखलं नाही. ओळखावं असं काही कारणही नव्हतं, तरी मला त्याचा राग आला.

डोक्याला टोपी घालून मी आत गेले. गॅसच्या शेगड्या चकचकीत. वरच्या चिमणीच्या जाळ्या काढून बोट फिरवलं, बोटाला तेल नाही. फ्रीजमध्ये थर्मामीटर धरला, बरोबर. कच्चं खाली, शिजलेलं वर, प्रत्येक डब्यावर तारीख. भाजीचे आणि मांसाचे कापायचे पाट वेगळे. मोरीच्या गटाराची जाळी उचलली आणि गुडघ्यावर बसून टॉर्च मारला. झुरळ सोडा, त्याची मिशीही दिसली नाही. फ्रीजच्या मोटारीमागे ऊब असते, झुरळं हमखास तिथे संसार थाटतात. फ्रीज ओढायला लावला. मागची भिंतसुद्धा पुसलेली होती. लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात, मी दोन तास अख्खा भटारखाना पोखरला आणि उंदीर काही निघेना. माझा जीव चडफडत होता. इतकं स्वच्छ ठेवलंय या माणसाने, आता, जेव्हा मी आलेय.

मग मोरीपाशी उभी असलेली बाई दिसली. पन्नाशीची, बारीक, हाताची बोटं पाण्याने पांढरी पडलेली. सगळे तिला मावशी म्हणत होते. ती माझ्याकडे पाहत नव्हती, मी कुठे कुठे पाहतेय ते पाहत होती. फ्रीज ओढला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर किंचित समाधान दिसलं. तेव्हा कळलं, हा भटारखाना स्वच्छ मालकाने ठेवलेला नव्हता.

राहिली कोठी. शेल्फं, पोती जमिनीपासून वर, सगळं नियमाप्रमाणे. भिंतीला नवी कोरी पांढरी फळी ठोकलेली. लेंडी नाही, कुरतडलेलं नाही. पण नुसती नजर खोटं बोलू शकते हे मी आईकडून शिकले आहे. मी मालकाला सांगितलं, आज हॉटेल बंद झालं की मी परत येईन. आले, कोठीभर पीठ भुरभुरवलं, दाराला कागदाची पट्टी लावून सही केली. साखरतोंड्या हसला. "ताई, हे काय, घरगुती उपाय?"

"हो," मी म्हणाले. "आमच्या घरचा."

सकाळी आठ वाजता सगळ्यांसमोर पट्टी फाडली. पिठावर पावलं होती. एक मोठा उंदीर, दोन लहान, आणि शेपट्यांच्या रेघा थेट त्या नव्या फळीखाली जाणाऱ्या. खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी तो लपवायला खाली वाकून बुटाची लेस बांधली.

साखरतोंड्याच्या तोंडचं पाणी पळालं, पण पळालं ते क्षणभरच. त्याने मान वळवली आणि मोरीकडे बोट केलं. "ही मावशीच निष्काळजी आहे मॅडम. कचऱ्याचा डबा उघडा टाकते, मग उंदीर होणार नाहीत तर काय? हिला आजच काढतो. कारवाई झाली असं लिहून टाका."

शब्द तेच. बावीस वर्षांत त्याने एक शब्द बदलायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते. माझे कान तापले. मावशीने ओले हात पुसले आणि कमरेचा एप्रन सोडायला लागली.

"एप्रन राहू द्या मावशी," मी म्हणाले. "या फळीमागे काय आहे?"

तिने मालकाकडे पाहिलं.

"मी विचारतेय. त्यांच्याकडे बघू नका."

"भोक आहे," ती म्हणाली. "पायपाचं. मी त्यात तारेच्या घासण्या कोंबल्या होत्या, चार-पाच. तार दाताला लागते, उंदीर कुरतडत नाही. मग मालकांनी तिथून वायर नेली. घासण्या काढल्या आणि वरून फळी मारली. मी म्हटलं होतं, मालक, आधी भोक बुजवा."

"ही काय म्हणतेय, हिला काय कळतं?" साखरतोंड्या म्हणाला.

मी पेस्ट कंट्रोलवाल्यांची फाइल मागितली. ते दर महिन्याला येऊन औषध मारून एक चिठ्ठी ठेवून जातात. मालक मंडळी त्या चिठ्ठ्या न वाचता फाइलला लावतात, कारण तपासनीस फक्त चिठ्ठी आहे का तेवढंच बघतो. मी वाचल्या. सलग सात महिने, सात चिठ्ठ्यांवर एकच ओळ होती: कोठीतले पायपाचे भोक बुजवावे. आणि खाली सातही वेळा मालकाची सही. स्वतःच्या हाताने स्वतःवर पुरावा ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

फळी काढायला लावली. मागे मूठ जाईल एवढं भोक, भोवती लेंड्या, आणि पोत्याच्या धाग्यांचं घरटं. मी तिथेच स्टुलावर बसून अहवाल लिहिला. पंधरा दिवस बंद. कारण, मालकाची हेळसांड. शेवटी एक ओळ लिहिली, जी खरं तर लिहायची गरज नव्हती: भांडी घासणाऱ्या बाईची यात काही चूक नाही. बावीस वर्षांपूर्वी कुणीतरी एवढी एक ओळ लिहिली असती तर आज मी दुसऱ्याच कुठल्या खात्यात सुखाने जांभया देत बसले असते.

"मॅडम, माझं पंधरा दिवस काय?" मावशीने हळूच विचारलं.

"मावशींचा पगारही कापायचा नाही आणि त्यांना काढायचंही नाही," मी मालकाला म्हणाले. "पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणीला मी आले की या इथे दिसल्या पाहिजेत." असं सांगायचा मला अधिकार नाही. पण साखरतोंड्याला ते कुठे ठाऊक होतं?

नोकर बाहेर गेले. दाराला सील लागलं. फूटपाथवर तो आणि मी दोघंच उरलो, आणि ज्या घटकेसाठी मी अभ्यास केला, परीक्षा दिल्या, सहा वर्षं परक्या गल्ल्यांतली गटारं हुंगली, ती घटका आली. मी टोपी काढली. "मी कोण आहे माहितेय?" असं म्हणून मी आईचं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट. "मी तिची मुलगी."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या चेहऱ्यावर काही उगवायची वाट पाहत होते. भीती, शरम, निदान चीड. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण त्या नाव आठवू पाहणाऱ्या माणसाच्या आठ्या होत्या.

"कोण हो?"

"तुमच्याकडे भांडी घासायला होती. कोठीत पीठ टाकून उंदीर शोधायची. तुम्ही तिला तपासनिसासमोर घाणेरडी म्हणालात आणि काढलंत."

"उंच, सावळी होती, ती का?"

"नाही."

"मग जिने सुऱ्या पळवल्या ती?"

"नाही."

तो खरोखर प्रयत्न करत होता. नाटक असतं तर बरं झालं असतं. "नाही हो आठवत," तो शेवटी म्हणाला. "किती आल्या, किती गेल्या. तपासणी आली की कुणाला तरी काढावंच लागतं, त्याशिवाय साहेब लोकांचं समाधान होत नाही. पण तुम्हाला माफी हवी असेल तर लिहून देतो ना ताई, त्यात काय एवढं? आत्ता देतो." त्याने खिशातून पेन काढलं, पावतीचा कागद उलटा करून दुसऱ्या हाताच्या तळव्यावर ठेवला आणि नम्रपणे विचारलं, "नाव काय म्हणालात त्यांचं?"

मी त्याच्या कानाखाली वाजवली नाही, हे माझ्या नोकरीचं सुदैव. नाव पुन्हा सांगितलं नाही. चालायला लागले. आयुष्यभर जिच्या नावाने मी जळत राहिले, ती त्याच्या डोक्यात एक दिवससुद्धा राहिली नव्हती. माणसाने वैर धरावं तर निदान समोरच्याला ते ठाऊक असावं.

घरी आई दारातच उभी होती. सकाळी जाताना मी तिला सांगून गेले होते. तिने ठेवणीतलं पातळ नेसलं होतं, कुठे जायचं नसताना.

"सापडलं?"

"सापडलं. पिठावरच सापडलं. पंधरा दिवस बंद."

"पंधराच? महिना करायचा होतास." मग ती खुर्चीच्या कडेला बसली. "माझं नाव सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग काय म्हणाला?"

मी आजवर कागदावर एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. पण आईच्या तोंडाकडे बघून मला खरं सांगणं जमेना. "लगेच ओळखलं त्याने," मी म्हणाले. "घाम फुटला. सगळ्यांसमोर म्हणाला, भांडी घासणाऱ्या बाईची चूक नव्हती."

"नाव घेऊन म्हणाला?"

"नाव घेऊन."

आईने ते मला तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा त्याच्या आवाजात सांगायला लावलं. मग उठून खिडकीतून शेजारणीला हाक मारली, जिने तिला सगळ्यात आधी उंदीरवाली म्हटलं होतं, आणि अथपासून इतिपर्यंत सगळं ऐकवलं, मी घातलेल्या घामासकट. मला वाटलं, दुधाची तहान ताकावर भागली, चला, तिची तरी भागली. मी हातपाय धुवायला गेले.

परत आले तर ती पंचांग बघितल्यासारखी कॅलेंडरवर बोटाने दिवस मोजत होती.

"पंधरा दिवसांनी तू पुन्हा जाणार ना तिथे?"

"जाणार. का?"

"मी येते बरोबर," आई म्हणाली. तिचा चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. "त्याने एवढ्या लोकांत कबूल केलं, आता आपणही मन मोठं करायला हवं. समोर उभी राहते आणि सांगते, जा बाबा, माफ केलं तुला."

नको म्हणायला मला एक कारण सुचेना. पंधरा दिवस हातात होते. तेवढ्यात एक तर ते हॉटेल कायमचं बंद पाडायला हवं होतं, नाहीतर त्या माणसाकडून माझ्या आईचं नाव पाठ करून घ्यायला.