दळलेला बोडोम

मणी फुटला तेव्हा आवाजसुद्धा धड झाला नाही. नार्कीच्या ओल्या हातातून तो निसटला, अंगणातल्या पाट्यावर आपटला आणि त्याचे तुकडे झाले. नार्की तशीच उकिडवी बसून राहिली. 

साधासुधा मणी असता तर गोष्ट वेगळी. हा बोडोम होता, सासूच्या घराण्यातला, लिंबाएवढा, वरून पिवळाजर्द आणि आतून काळाकुट्ट. त्या घरातल्या प्रत्येक मुलीने डिपोच्या दिवशी तो गळ्यात घातलेला. डिपोचा विधी झाल्याशिवाय आम्हा घानातल्या क्रोबो लोकांमध्ये मुलीला बाई म्हणून कोणी मोजत नाही, आणि नार्कीच्या लेकीचा, डेडेचा डिपो शनिवारी होता. मणी धुऊन ओवून ठेव म्हणून सासूने तो सुनेच्या हाती दिला होता, तोही दहादा बजावून.

नुसता फुटला असता तर शिव्या खाऊन भागलं असतं. पण त्या घरातल्या बायकांचं एक भलतंच होतं. डिपोच्या तोंडावर बोडोम फुटला, तर त्या मुलीने घरापासून काहीतरी लपवलंय, असं त्या धरून चालायच्या. काय लपवलंय ते मोठ्याने कोणी विचारत नाही. नुसतं मुलीकडे वरपासून खालपर्यंत बघतात, आणि ते बघणं तिला जन्मभर पुरतं.

नार्कीला हे सगळं थोतांड वाटायचं. वाटायचं आपलं! अलीकडे डेडे शाळेतून एकदोनदा उशिरा आली होती, आणि लॉरी-तळावर कुणा पोराशी हसत उभी असलेली शेजारणीने पाहिली होती. तुकडे कापडात बांधताना नार्कीला नेमकं तेच आठवलं. ‘शी! माझी पोर आहे ती,’ ती स्वतःलाच रागावली आणि तरातरा भावाच्या मणीभट्टीकडे निघाली.

साकिटेने तुकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. “अगं बये, बोडोम! म्हातारी तुला जित्ती सोडायची नाही.”

“म्हणून तर आलेय, दादा. फुटक्या काचा दळून मणी करतोस ना? हाच पुन्हा करायचा.”

“माझं ऐक. तुकडे घेऊन जा, तिच्यापुढे ठेव आणि पाय धर. चार दिवस बडबडेल, मग बसेल गप.”

“आणि डेडेला काय म्हणतील?”

 साकिटेने साचा शोधायला घेतला.

नार्कीने पिवळी साल आणि काळा गाभा वेगळा केला. घाई इतकी की भावाला न विचारताच तिने पिवळ्यातले काही तुकडे लोखंडी खलात टाकले, लॉरीच्या आसातून कापून काढलेल्या त्या खलात, आणि दणादणा कुटायला लागली. साकिटेने त्यातली थोडी पूड लहान साच्यात भरून भट्टीत सारली. बाहेर आलं ते शेवाळ्याच्या पाण्यासारखं हिरवट, गढूळ.

“हे काय झालं रे?”

“लोखंड उतरलं त्यात. काच कुटताना खलही झिजतो, बाई. निळ्या-काळ्या मण्यात खपून जातं. पिवळ्यात नाही खपत.”

“मग आधी नाही का सांगायचं, मेल्या!”

“सांगायला उसंत दिलीस? आल्यापासून मुसळ हाणतेयस.”

लोखंडात कुटलेलं सगळंच वाया गेलं. उरलेलं पिवळं आता थोडंच होतं, आणि ते गेलं तर संपलं.  दगडावर दळायचं ठरलं, पाणी घालून, सावकाश. तरी साकिटे डोक्यावर उभाच. पलीकडे मजूर निळी पूड चाळत होते, तर म्हणाला, “वाऱ्याच्या तोंडाला बसू नकोस. त्यातली चिमूट उडून आली तरी पिवळ्याचं हिरवं होईल.” ती उठून भिंतीच्या आडोशाला बसली. जरा वेळाने बोटांत पूड चोळून म्हणाला, “बास. आणखी बारीक केलीस तर साल गाभ्याच्या आधीच वितळून ओघळेल.” अरे देवा, किती म्हणून सांभाळायचं! जाड ठेवलं तर मणी खरखरीत, बारीक केलं तर ओघळणार.

एवढ्यात डेडे दारात उभी. “आई, आजी शोधतेय तुला. काय दळतेस गं?”

नार्कीने दगड हातानेच झाकला. त्या घटकेला सांगून टाकायला हवं होतं. तुझा मणी माझ्या हातून फुटला गं, इतकंच. पण ती लेकीकडे बघत राहिली. तिची कंबर, तिचा चेहरा, चेहऱ्यावरचा थकवा. बघायचं नव्हतं, तरी बघितलं.

“अशी काय बघतेस?” डेडेने विचारलं.

“काही नाही. घरी जा म्हटलं ना! प्रत्येक ठिकाणी नाक कशाला खुपसायचं?”

डेडेचं तोंड उतरलं. ती गेली.

साच्यात आधी पिवळी पूड, मध्ये काळी, पुन्हा पिवळी, आणि भोकासाठी कसाव्याच्या झाडाची काडी, भट्टीत जळून जाणारी. भट्टीचं तोंड उघडं ठेवून साकिटे सुकी लाकडं निवडून घालत होता, कारण धूर कोंडला की हे जुनं पिवळं काळवंडतं. नार्की एका जागी बसेना. आत वाकून बघायची, भाऊ ओरडला की मागे सरायची, पुन्हा वाकायची. मणी निवून बाहेर आला तेव्हा पिवळाजर्द होता. ती तो छातीशी धरून रडली. घासून गुळगुळीत केल्यावर साकिटेने तो तळहातावर घेतला आणि म्हणाला, “जरा लहान झालाय.” नार्कीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शनिवारी सकाळी घर बायकांनी भरलं. डेडेच्या कमरेला तांबडं कापड, गळ्यात मण्यांच्या माळा. सासू, माकूबाई, स्टुलावर बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नार्कीला त्याचाच आधार होता. म्हातारीने बोडोम हातात घेतला, तोलला, आणि मग दातांवरून फिरवला.

बायका माना उंचावून पुढे सरकल्या.

“हा आमचा नाही,” माकूबाई म्हणाली. “कचकचतोय. आमचा लोण्यासारखा होता. आमचा कुठाय?”

“फुटला असणार,” चुलत सासूने सुस्कारा टाकला. आणि सगळ्या बायका डेडेकडे बघायला लागल्या. वरपासून खालपर्यंत.

“मी फोडला!” नार्की पुढे आली. “आत्याबाई, माझ्या ओल्या हातातून पाट्यावर पडला. पोरीने त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं, शप्पथ.”

“पाट्यावर पडला, तर तुकडे दाखव. आपटलेल्या काचेला टवका असतो. आपोआप चिरलेली काच वेगळी. माझी बोटं अजून आंधळी झालेली नाहीत.”

“तुकडे नाहीत. दळले मी.”

“दळलेस?”

“त्याचाच हा केलाय.”

माकूबाई बराच वेळ मणी चाचपत राहिली. “निव्वळ हात चुकला असता, तर तुकडे माझ्यापुढे टाकून रडली असतीस,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि नार्कीला तेच सोसेना. “पीठ कोण करतं, बाई? ज्याला काही झाकायचं असतं तो.”

“नाही हो, देवाशप्पथ, नाही!”

पण नार्की जितकं कळवळून सांगत होती, तितक्या त्या बायका आपसात माना हलवत होत्या. आई आहे, आई अंगावर घेणारच. मुलगी पोटुशी नाही ना हे ज्यावर बसवून पारखतात, त्या देवीच्या दगडाकडे डेडेला बोडोम न घालताच न्यायचं ठरलं. काय ते तिथेच कळेल, असं चुलत सासू म्हणाली.

बायका निघाल्या. नार्की धावत मागे गेली आणि फाटकापाशी तिने लेकीचा हात धरला.

“डेडे, मी तुझ्यासाठीच केलं गं.”

डेडे थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कापला नाही.

“त्या दिवशी भट्टीवर तू माझ्याकडे बघत होतीस. अगदी या बायकांसारखीच. तुलाही वाटलं ना, आई?”

नाही म्हणायला नार्कीने तोंड उघडलं. शब्द यायला क्षणभर उशीर झाला. तेवढ्यात डेडेने हात सोडवून घेतला आणि ती बायकांच्या मागे चालायला लागली.