तोटीखाली बादली बसेना

मी शेगडी बोलतेय. ओट्यावर बसून दूध तापवणारी नव्हे, अंगणातली. तीन आखूड पाय, ओतीव लोखंडाचं रुंद तोंड, आणि पेटले की असा आवाज की शेजारचं कुत्रं घरात पळतं. एवढा दरारा असूनही मला माणसं कळत नाहीत. कळली असती तर हे सांगत बसले नसते.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. तापले, साच्यात पडले, निवले, काळा रंग लागला. खरं आयुष्य सुरू झालं ते विस्कॉन्सिनमधल्या एका गावच्या दुकानात, मासे धरायचे गळ आणि बर्फ उपसायची फावडी यांच्या मधल्या फळीवर. शेजारी एक उंच, काटकुळी शेगडी होती. थँक्सगिव्हिंगचा सण जवळ आला की लोक टर्की तळायला तिलाच न्यायचे. माझ्याकडे कोणी ढुंकून बघेना. तिच्यात असं काय होतं, देव जाणे.

मग एक दिवस ऑर्विल आणि त्याची बायको लव्हॉन आली. ऑर्विल घरी बिअर करायचा, स्वयंपाकघरातल्या गॅसवर. आदल्या खेपेला फेस उतू गेला आणि गॅस, ओटा, फरशी सगळं चिकट करून गेला. लव्हॉननं हुकूमच सोडला होता: बिअर अंगणात, नाहीतर तू अंगणात.

"ही उंच घे की," लव्हॉन म्हणाली. "हिच्यासोबत पातेलंही येतंय."

"लहान आहे ते, पुन्हा उतू जाईल. आणि हिचे पाय बघ, बगळ्यासारखे. उकळतं पातेलं वर, आणि लागला धक्का, तर?"

"धक्का कोण मारणार? तूच ना?"

तो पातेल्यांकडे वळला. त्याचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. दुकानात तर चांगली ऊब होती. मग हा हात खिशात कशाला?

"मी म्हणते, क्रिस्टाच्या लग्नाला दुकानातली बिअर आणू. कोण मरतंय?"

"तिला कबूल केलंय मी. लग्नात बापाच्या हातची बिअर."

त्यानं भलंमोठं स्टीलचं पातेलं निवडलं. फेसाला वर जागा हवी म्हणून मोठं, आणि उचलायला लागू नये म्हणून तळाशी तोटी असलेलं. मग न डगमगणारी म्हणून मला. डाव्या हातानं माझ्या अंगावर थाप मारली. मी फुगले!

ऑक्टोबरातल्या एका सकाळी मला अंगणात, फुलांच्या वाफ्याशेजारी मांडलं, नळीनं गॅसची टाकी जोडली. लव्हॉनचा भाऊ ड्वेन मदतीला आला. बिअर शिजायची असली की तिथली माणसं मदतीला येतात, म्हणजे घडीची खुर्ची घेऊन बसतात.

मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं गोड पाणी मी जीव तोडून उकळलं. त्यात हॉपची कडू फुलं पडली. तासभर माझ्याकडून अशी आग काढून घेतली आणि लगेच ऑर्विलनं आत तांब्याच्या नळीचं वेटोळं सोडून, त्यातून थंड पाणी फिरवून सगळं गार केलं. गारच करायचं होतं तर मला पेटवलंत कशाला? कोणी सांगेल तर शपथ.

आता ते बादलीत काढून आंबायला ठेवायचं. ऑर्विलनं बादली तोटीखाली सरकवली. जाईना. बादली माझ्या पायांहून उंच. पातेलं नीट पारखून घेतलं होतं, मला नीट पारखून घेतलं होतं, आणि दोघं मिळून चूक! चूक माझी, की त्याची?

"सरक," ड्वेन उठला. "उचलून कट्ट्यावर ठेवतो."

"हात लावू नकोस. मी उचलतो."

ऑर्विलनं दोन्ही कड्या धरल्या. उजवी कडी पातेल्यावर टकटक वाजू लागली. थांबेना. ती सगळ्यांनी ऐकली.

"कधीपासून?" लव्हॉननं विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

"ऑर्व, अरे लाज कसली?" ड्वेन पुढे झाला. "दे इकडे."

"नको, ड्वेन. सगळं तूच केलंस तर माझ्या हातची कशी होईल?"

लव्हॉननं नवऱ्याकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं. मग कुदळ-फावडं आणलं आणि माझ्या शेजारच्या वाफ्यात घाव घातला. आठवड्यापूर्वीच तिथं गुडघे टेकून तिनं ट्यूलिपचे कंद लावले होते. ते उडून गवतावर पडू लागले. स्वयंपाकात काय, अंगणात काय, ही बाई कोणाला काडी इकडची तिकडे करू देत नसे. आणि आज हे?

"अगं, कोणाला पुरतेस?" ड्वेननं विचारलं.

"अजून ठरलं नाही. गप्प बसलास तर वाचशील."

खड्डा झाला. बादली आत उतरली, तिचं तोंड तोटीच्या खाली आलं.

"फिरव आता."

"लव्हॉन, तुझे ट्यूलिप..."

"फिरव म्हणते ना!"

त्यानं उजव्याच हातानं तोटी फिरवली. हात थरथरत होता. तोटीला त्याचं काय? धार सरळ बादलीत पडली. भरल्यावर ऑर्विलनं फर्मावलं, "ड्वेन, बसलास काय? ओढ की वर!" मघाशी ज्याला कडीला शिवू दिलं नाही त्यालाच आता हुकूम. माझं डोकं चालेना.

लग्नाला मला बोलावलं नाही. नंतर क्रिस्टा रिकामी पिंपं परत घेऊन गॅरेजमध्ये आली. "बाबा, सगळे विचारत होते, बिअर कोणाची?"

"तुझ्या आईची," ऑर्विल म्हणाला.

"चल! त्याचीच गं. मी नुसती माती उपसली."

"तिची."

"त्याची म्हटलं ना!"

जेवायची वेळ टळली तरी दोघं हटेनात. आणि आग ओकणारी मी तिथंच उभी, माझं नाव एकाच्याही तोंडी नाही!

हल्ली मी गॅरेजच्या कोपऱ्यात आहे. तोंडाला गंज चढलाय, माझ्या नळीत कोळ्यानं घर केलंय. पेटवण्याआधी तेवढं साफ करा, नाहीतर पिवळी ज्योत सोडीन, मग मला बोल लावू नका. बिअर त्याची की तिची, मला अजून उमगलेलं नाही आणि कोणाला विचारायची सोय नाही. त्या दोघांनी मात्र असंच भांडत यावं आणि मला अंगणात न्यावं. कळलं नाही तरी मी पेटेन.